उजवीकडे ओढणारा पतंग

जाफराबाद,
९ नोव्हेंबर २०२५

पारस,

मायना काय घालावा यातच अर्धा तास गेला. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील लाडात आलाय, ‘श्री.’ लिहिलं तर म्हणशील टोमणा मारतोय. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तुला फोन लावला की एकदा वाजतो आणि कटतो. आमची आकांक्षा म्हणाली, “पप्पा, काकांनी तुम्हाला ब्लॉक केलंय.” दहावीतल्या पोरीकडून हे ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा पत्र. पोस्टमनला तर तू ब्लॉक करू शकत नाहीस.

काम असं आहे. माझ्या ओळखीच्या एका माणसाला दोन दोऱ्यांचा नवा पतंग घ्यायचा आहे. संक्रांतीचा कागदी नव्हे. तू मला सुरतेहून मागवून दिला होतास तसला, कसरतीचा. कापडी, आत कार्बनच्या काड्या, एक दोरी डाव्या मुठीत आणि एक उजव्या, जी ओढली त्या बाजूला वळणार. या माणसाला आठचा आकडा काढता येतो, पतंग जमिनीवर अलगद बसवता येतो. आता त्याला पुढचं शिकायचं आहे. म्हणजे आपण ज्याला कासव म्हणायचो ते, पतंग हवेतच उताणा पाडायचा आणि तसाच तरंगत ठेवायचा. ते जमलं की गुंडाळी, पतंगाने आपल्याच दोऱ्या अंगाभोवती गुंडाळून घ्यायच्या आणि पुन्हा सोडायच्या.

त्याच्यासमोर दोन पतंग आहेत. एक मोठा, पंख पसरले की माझ्या दुकानाच्या शटरएवढा रुंद. सावकाश वळतो, कमी हवेत उडतो. दुसरा लहान आणि चपळ, मनगट हललं की गिरकी. एक जण सांगतो मोठा घ्या, तो शिकवतो. दुसरा सांगतो मोठ्यात मजा नाही, लहानच घ्या. तिसरा सांगतो दोन्ही घ्या, त्याचं स्वतःचं दुकान आहे. माणूस पार गोंधळून गेला आहे. या तालुक्यात यातलं तुझ्याशिवाय कोणाला कळतं?

तुझ्या बाबूजींचा डोळा कसा आहे? इथे कोणी सांगत नाही. तुमच्या घराला कुलूप, कापडाच्या दुकानाला कुलूप, विचारायचं कोणाला? गेल्या संक्रांतीला माझ्या पतंगाचं टोक त्यांच्या डाव्या डोळ्याला लागलं ते हवेमुळे, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. हवा एकदम फिरली. हवा काय माझ्या बापाची आहे?

असो. त्या माणसाला घाई आहे. मोठा की लहान, एका ओळीत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

भागवत


जाफराबाद,
२१ नोव्हेंबर २०२५

पारस,

बारा दिवस झाले. एक ओळ लिहायला बारा दिवस लागत नाहीत.

बरं, तो माणूस मीच आहे. तू ओळखलं असशीलच. वंदनाने तर पाकीट चिकटवायच्या आधी ओळखलं. म्हणाली, “ओळखीचा माणूस म्हणं! आरशात पाहून आले काय?”

दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून मी तुझ्यासमोर बोललो होतो, की पुन्हा ही दोरी हातात धरणार नाही. आठ महिने धरली नाही. सप्टेंबरात दुकानातल्या ताडपत्र्या उन्हाला काढल्या, त्यात पतंगाची पिशवी निघाली. कापडाला वास लागला होता म्हणून वाळवायला पसरला. वाळवायला पसरलेला पतंग थोडा वर उचलला जातो, त्याला मी काय करू? मग दोरी लावली. मग रोज सकाळी नदीकाठच्या रिकाम्या रानात जायला लागलो. सोयाबीन निघालेलं, माणूस नाही काणूस नाही. एकट्यानेच उडवतो. कोणाला लागेल अशी जागाच नाही, हे तुला मुद्दाम सांगतो.

पण पतंग उजवीकडे ओढतो रे. सतत. सरळ वर न्यायचा तर मला उजवा हात डाव्याच्या हातभर पुढे धरावा लागतो. जीपवाले रस्त्यावरून जाताना ओरडतात, “भागवतभाऊ, कुणाशी हात मिळवून राह्यले?” कासव करायला जातो तर पाठीवर पडायच्या ऐवजी उजव्या पंखावर कोसळतो. दोन महिन्यांत एकदाही कासव झालं नाही. वंदना म्हणते नाचता येईना अंगण वाकडं. तिला पाठीमागे येऊन बघ म्हटलं तर म्हणते, मला भाकरी टाकायच्यात.

मी काय काय केलं ते ऐक. उजव्या पंखाची काडी बदलली. शिवण उसवून पुन्हा घातली. जीपच्या सीटा शिवणारा माणूस मी, माझी शिवण वाकडी जात नाही. दोऱ्यांचा प्रश्नच नाही, त्या नव्याच आहेत. जुन्या दोऱ्या बाभळीत अडकून तुटल्या, तेव्हा मागच्या डिसेंबरात आपण दोघांनीच शाळेच्या मैदानावर बसून बांधल्या. पंधरा-पंधरा वाव. एक तू दोन्ही हात पसरून मोजलीस, एक मी. विहिरीचा दोर मोजतात तशी, गावठी पण पक्की. तू मोजलेल्या दोरीला तू लाल दोरा बांधलास, ती उजवी. अजून तो दोरा तसाच आहे.

शेवटी सुरतेच्या दुकानाला फोन केला. तो म्हणाला, “भाईसाब, फ्रेम बैठ गया है. ट्रिक सीखना है तो नया लो.” म्हणून नवा. आणि म्हणून मोठा की लहान.

दुसरं एक. दवाखान्यात मी जे बोललो ते तू इतकं धरून बसशील असं वाटलं नव्हतं. “खुर्ची तिथं ठेवली कुणी?” एवढंच विचारलं. चौकशी होती ती. बाबूजींची खुर्ची तू ठेवली होतीस हे सगळ्या मैदानाने पाहिलं होतं, त्यात मी नवीन काय सांगितलं? तू पाण्याची बाटली माझ्या हातात दिलीस आणि आत गेलास. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

कळव.

भागवत


जाफराबाद,
६ डिसेंबर २०२५

पारस,

काही कळेनासं झालंय.

आधी खांद्याचं सांगतो. मला वाटलं दोष पतंगात नाही, माझ्या उजव्या हातात असावा. वारं गेलं असेल हातावरून. मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरने हात वर करायला लावला, खाली करायला लावला, बोटं दाबायला लावली. म्हणाला, “काही झालं नाही तुम्हाला. त्रास कधी होतो?” मी म्हटलं, पतंग उडवताना. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठून आलो.

म्हणजे हात बरा. काडी नवी. शिवण सरळ. दोऱ्या नव्या. हवा रोज वेगळी आणि ओढ रोज उजवीकडे. सांग, आता दोष कोणाला द्यायचा?

नव्या पतंगाचंही तसंच. सकाळी अंघोळ करताना ठरवतो मोठा. चहा होईपर्यंत लहान. आकांक्षाने फोनवर दोन्हींचे व्हिडिओ लावून दिले. लहान पतंग एका गोऱ्या माणसाच्या हातात असा नाचतो की आपण आजवर काय केलं असं वाटतं. पण त्यात एक पाहिलं. त्याची चूक झाली तरी कळत नाही. चूक व्हायच्या आत तो दुसरी गिरकी घेतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मोठ्या पतंगाची चूक सावकाश होते, शेवटपर्यंत दिसत राहते. मला कोणता झेपेल? तू असतास तर माझ्याकडे एकदा पाहून सांगितलं असतंस. वर चार शिव्याही दिल्या असत्यास.

आज एक गोष्ट विचारूनच टाकतो, बरेच दिवस मनात आहे. तुम्ही पुण्याला निघालात त्या दिवशी तू ट्रकजवळ माझ्याकडे पाठ करून उभा होतास. बाबूजींनी मला दुकानात बोलावून घेतलं. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुकान रिकामं, गादीसुद्धा उचललेली. त्यांनी कोपऱ्यातला लोखंडी मीटर माझ्या हातात दिला, तोच, ज्याला ते अजून गज म्हणतात. “भागवत, ये तू रख ले. कापडाचं काम करतो ना तू? बराबर नापत जा.”

आता मला सांग, ज्याच्यामुळे डोळा गेला त्याला कोणी भेटवस्तू देतं का? की तो टोमणा होता? बाबूजींना टोमणा मारता येत नाही. मग काय होतं? मी तो गज घेतला आणि घरी आलो. माझ्याजवळ टेप आहे, म्हणून गजाचं काही काम पडत नाही. दुकानाचा पडदा वर धरायला त्याचा टेकू लावला आहे. येता-जाता तो दिसतो आणि डोकं उठतं.

हेही पत्र तू उत्तराविना ठेवणार असशील तर ठेव. पण निदान बाबूजींचा डोळा कसा आहे ते तरी लिही. हे मी पतंगासाठी विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

भागवत


जाफराबाद,
२० डिसेंबर २०२५

पारस,

सापडलं! आज बाबूजींचं पोस्टकार्ड आलं. अक्षर रुचिवहिनींचं, खाली बाबूजींची वेडीवाकडी सही. जसं आहे तसं उतरवून पाठवतो:

“भागवतला आशीर्वाद. पारस तुझ्या चिठ्ठ्या खोलत नाही. रुचि मला वाचून दाखवते. डाव्या डोळ्याने उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही. उजवा बराबर आहे. पतंगातलं मला समजत नाही. पण एक दोर त्याने मोजली आणि एक तू, असं का केलं? एक थान, एक गज. पारस अजून खुर्चीचं घेऊन बसला आहे. शिवनारायण.”

एक थान, एक गज! बाबूजींचा दुकानातला नियम, कापडाचा एक ताका एकानेच मोजायचा. नोकराने निम्मं कापड मोजलं आणि तू पुढे हात घातलास तर बाबूजी सगळं थान पुन्हा उलगडायला लावायचे, गिऱ्हाईक कितीही ओरडू दे. “दोन हाताचं माप म्हणजे दोन मापं.” आपण दोघं पाठीमागे हसायचो.

तसाच उठलो. ओसरीच्या खांबाला दोन्ही दोऱ्यांची टोकं बांधली, रस्त्यापर्यंत ताणल्या. लाल दोऱ्याची, म्हणजे तू मोजलेली, एक वीत आणि तीन बोटं आखूड! तू माझ्यापेक्षा बोटभर बुटका, तुझे हात पसरले की बोटभर कमी भरतात. पंधरा वावांत पंधरा बोटं. उजवी दोरी आखूड, म्हणून पतंग उजवीकडे. इतकं सोपं!

काडी नाही, शिवण नाही, खांदा नाही. पारस, तुझे हात! संक्रांतीला पतंग उजवीकडे खेचला गेला तो तुझ्या दोरीमुळे. अकरा महिने मी गुन्हेगार होऊन फिरलो. खुर्चीही तुझी आणि दोरीही तुझी. वंदनाला ओरडून सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, “आन् मूठ कुणाची व्हती?” या बाईला आनंद म्हणून बघवत नाही.

उद्या दोऱ्या सारख्या करून उडवतो. मग हे पत्र टाकतो. तुला वाचावंच लागेल.


२२ डिसेंबर, सोमवार

रुचिवहिनी, हे पाकीट मुद्दाम तुमच्या नावाने पाठवतो आहे. हे पत्र बाबूजींना वाचून दाखवू नका. आधी पारसच्या हातात द्या. तो नाही म्हणाला तर समोर धरून उभ्या राहा, तुमच्यापुढे त्याचं चालत नाही.

पारस, वरचं पान फाडणार होतो. फाडलं नाही. मी कसा माणूस आहे ते तुला दिसू दे.

काल सकाळी लांब दोरी कापून दोन्ही सारख्या केल्या आणि रानात गेलो. पतंग वर गेला आणि डावीकडे जायला लागला. मला वाटलं पुन्हा मोजण्यात चुकलो. खाली उतरवला, गजाने मोजल्या. बराबर. पुन्हा वर नेला, पुन्हा डावीकडे. मग खाली पाहिलं. माझा उजवा हात पुढे होता. हातभर. आता दोऱ्या सारख्या होत्या आणि हात मात्र जुन्या सवयीने आपोआप पुढे गेला होता.

तिथेच ढेकळावर बसलो. ही सवय सप्टेंबरातली नाही. गेल्या संक्रांतीला, त्या दिवशी सकाळी, मैदानावर पहिल्याच उड्डाणात मला ओढ कळली होती. नव्या दोऱ्या, पतंग उजवीकडे जातोय, हे मला दहाव्या मिनिटाला ठाऊक होतं. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, थांब, खाली घे, बघू. आणि लोक जमले होते. मला थांबायचं नव्हतं. मी हात पुढे धरून वेळ मारून नेली. हवा फिरली नव्हती. हवा दिवसभर एकाच बाजूची होती.

आणि दोऱ्या दोघांनी वेगवेगळ्या मोजू, जल्दी होईल, हे कोण बोललं होतं? मी. तू म्हणत होतास घरून टेप आणू.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला सकाळपासून तीनदा बसलो.

जमिनीलगत नेऊन पतंग खुर्चीच्या वरून काढायचा आणि पलीकडे उचलायचा, ही कसरत मी करणार होतो. तू गाडीतून पाण्याचा जार काढायला गेला होतास. मी दोऱ्यांच्या मुठी उचलायच्या आधी बाबूजींजवळून गेलो. ते खुर्ची धरून उठत होते. म्हणाले, “भागवत, मी जरा पीछे सरकतो. तू मोकळा उडव.” खुर्ची मागे घ्यायला दोन पावलांचं काम होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. म्हटलं, “बाबूजी, बसा. बिलकुल हलू नका. तुमच्या टोपीवरून नेतो, टोपीला वारासुद्धा लागणार न्हाई.” ते हसले. म्हणाले, “ठीक आहे बेटा.”

पतंग उजवीकडे ओढत आला. मी हात जेवढा पुढे जातो तेवढा नेला, पुरला नाही. बाबूजींना तो येताना दिसत होता, पारस. त्यांचे दोन्ही डोळे तेव्हा चांगले होते. बाजूला व्हायला वेळ होता. मी हलू नका म्हटलं होतं म्हणून ते हलले नाहीत.

सगळे म्हणाले म्हाताऱ्याला उठता आलं नाही. तूही तेच धरून बसलास. आणि दवाखान्यात बाबूजी आता बोलतील, आता सांगतील, या भीतीने मी आधीच तोंड उघडलं आणि खुर्चीचं बोललो. चौकशी नव्हती ती. मला कोणीतरी दुसरा हवा होता आणि समोर तू होतास. बाबूजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. वर मला गज दिला. पोस्टकार्डात शेवटी खुर्चीचं लिहिलं. मी सांगेन म्हणून ते अकरा महिने थांबले आहेत, एवढं आज मला कळलं. मी मात्र परवा ते वाक्य उतरवून पुढे गेलो आणि बोटं मोजत बसलो.

मोठा पतंग मागवला आहे. पिवळा. लहानात माझी चूक मलाच दिसणार नाही, आणि मला आता ती दिसायला हवी. आला की खोक्यातच ठेवीन. नव्या दोऱ्या मोजीन त्या बाबूजींच्या गजाने, एकट्याने, एका बैठकीत. पण संक्रांतीला मैदानावर नेणार नाही. तो उघडायचा की नाही ते तू ठरव. नको म्हणालास तर परत पाठवीन.

माफी मागायची मला रीत कळत नाही, आणि मागितली तर ती तुला द्यावीशी वाटेल असंही नाही. मी तुझा भाऊ असल्यासारखा तुमच्या घरी जेवलो आहे. त्या घरच्या माणसाचा डोळा मी घेतला आणि दोष तुझ्या हातात ठेवून आलो.

बाबूजींना विचारलंस तर ते म्हणतील, असं काही झालं नाही, भागवत उगाच मनाला लावून घेतो. मला वाचवायला ते खोटं बोलतील. त्यांचं ऐकू नकोस.

खुर्ची तू बराबर जागेवर ठेवली होतीस.

भागवत